गोंदियात दुखापती विचारत फिरताना

नोकरी संपल्यावर पहिला मोठा प्रवास कुठे केलात, असं कोणी विचारलं की मी गोंदिया म्हणते. पुढचा प्रश्न ठरलेला असतो : तिथे कोण आहे तुमचं? कोणीच नव्हतं. कोल्हापूरच्या एका इस्पितळात, अपघात विभागात, परिचारिका म्हणून माझा उभा जन्म गेला. ज्या डॉक्टरांच्या हाताखाली मी काम केलं ते आता शिकवतात. त्यांनी आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी गोंदिया जिल्ह्यातल्या गावांत घरोघरी जाऊन एक विचारपूस करायचं ठरवलं होतं. गेल्या वर्षभरात घरात कोणाला काय इजा झाली, कशानं झाली, आणि कोणाला जास्त होते. दिवाळीच्या तोंडावर त्यांचा फोन आला. “सिस्टर, बायका बायकांशीच मोकळं बोलतात. येता का थोडे दिवस?”

मी गेले ती निव्वळ कुतूहलानं. इस्पितळात आपल्याला वाटत राहतं की जगातली सगळी मोडतोड आपल्याच दारातून आत येते. खरं तर स्ट्रेचरवरून येतं तेवढंच आपण बघतो. जे येतच नाही ते कुठे जातं, हे मला बघायचं होतं.

गोंदिया

गाडीतून उतरले तेव्हा आपण महाराष्ट्रातच आहोत ना, अशी शंका आली. रिक्षावाला हिंदी, चहावाला हिंदी, लॉजवरचा पोरगेलासा मॅनेजरही हिंदी. मी मराठीत विचारलं की ते समजून घेत आणि उत्तर हिंदीत देत. सकाळी पोह्यांवर हरभऱ्याची लाल तर्री ओतून दिली. कोल्हापूरची असूनही माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी कोणाला दिसू दिलं नाही. शहराभोवती राइस मिल. तांदळाच्या कोंड्याची बारीक धूळ उन्हात तरंगत असते आणि संध्याकाळी केसांना हात लावला की बोटांना लागते.

तिथेच निर्मला भेटली. निर्मला कापगते, सडक अर्जुनीकडची, चाळिशीची, अंगानं किडकिडीत, स्कूटी चालवताना मात्र रणगाडा चालवत असल्यासारखी. या कामात ती माझी जोडीदार. घरं तिच्या ओळखीची, बोली तिची. माझ्याकडे काय होतं, तर जखम ओळखणारी नजर.

पहिल्याच दिवशी एका गोष्टीनं मला घरच्यासारखं वाटलं. निर्मला म्हणाली, “मी गाडी काढतो, तुमी या.” बाई असून ‘काढतो’. आमच्याकडेही बायका असंच बोलतात. महाराष्ट्राच्या दोन टोकांना बायका ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात, आणि मधले लोक दोघींनाही हसतात.

नागरा

सुरुवात शहराला लागून असलेल्या नागऱ्यापासून केली. तिथे शंकराचं जुनं देऊळ आहे. काळ्या दगडाच्या गारव्यात क्षणभर बसलो आणि मग पहिल्या घरी गेलो. घरधनी अंगणात खाटेवर बसला होता. आमचा प्रश्न छापील होता : वर्षभरात घरात कोणाचा अपघात झाला का?

“नाई बाप्पा,” तो म्हणाला. “देवाच्या कृपेनं गाडीगिडीचं काही नाई.”

त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिच्या उजव्या मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी गुलाबी, चुरगळलेल्या कागदासारखी. भाजल्याचा व्रण होता आणि तो जुना नव्हता.

“हे काय झालं?” मी विचारलं.

“हे? हे तं पेज सांडली,” ती म्हणाली. “भात पसवताना. पावसाच्या दिवसांत.” पसवणं म्हणजे शिजलेल्या भातातलं पाणी निथळून काढणं.

“मग मघाशी सांगितलं नाहीत ते?”

तिनं तांब्या खाली ठेवला. “तो काय अपघात हाये का? ते तं हातून झालं.”

पुढच्या घरी हेच. पोरगा सायकलवरून पडला हे सांगितलं. धान कापताना विळ्यानं सुनेचं बोट अर्धं गेलं होतं, ते मी बोट बघितलं म्हणून कळलं. म्हातारी पहाटे अंगणात शेणसड्यावर घसरून खुब्यातून मोडली होती आणि तेव्हापासून आतल्या खोलीत पडून होती. घरच्यांच्या मते ‘तिचं वय झालं’. दुपारी आम्ही दोघी चिंचेखाली डबा खात बसलो. निर्मला म्हणाली, “मॅडम, अपघात म्हटलं का लोक रोडच पायतात.” मी म्हटलं, मग तो शब्दच टाकून देऊ. पडलं का, कापलं का, भाजलं का, चावलं का, असं एकेक विचारू. दुपारनंतर तसं विचारू लागलो आणि घरं बोलू लागली. एका अंगणात तर सासू आणि सून यांच्यात कोणाला जास्त वेळा लागलं यावर वाद झाला.

तेव्हापासून मला मुलखामुलखाच्या जखमा ताडून बघायची सवय लागली. प्रत्येक मुलखाचं जसं खाणं वेगळं, तशा त्याच्या जखमाही वेगळ्या. आमच्याकडे ऊस आहे, म्हणून गुऱ्हाळात रस अंगावर उडून भाजलेले येतात, ट्रॉलीखाली सापडलेले येतात, कडबाकुट्टीत बोटं गेलेले येतात. इथे भात आहे. त्यामुळे पेज आहे, विळा आहे, मळणीयंत्राचा पट्टा आहे, धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, साप आहे. उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचायला पहाटे रानात गेलं की अस्वल आहे. पुरुषांना यंत्रानं आणि मोटारसायकलनं होतं, ते गावभर कळतं. बायकांना चुलीजवळ, विहिरीवर, चिखलात होतं, आणि ते त्यांचं त्यांनाही आठवत नाही.

बोदलकसा

तिरोड्याच्या बाजूला बोदलकशाचा जलाशय आहे. तीन बाजूंनी डोंगर आणि मधे एवढं शांत पाणी की बगळा उडाला तर त्याची सावली आधी दिसते. ज्या घरी आम्ही थांबलो ते मासेमारांचं. जेवायला भात, लाखोळीची डाळ आणि सुक्या झिंग्यांची चटणी. मी भात मागून घेतला. वाढणारी खूश झाली, म्हणाली, भाकरी खाणारे लोक अठी आले का उपाशी राहतात. अठी म्हणजे इथे.

घरातला म्हातारा ओट्यावर जाळं विणत होता. मी सहज विचारलं की एवढ्या पाण्यात वावरता, बुडून कोणी गेलं का. त्यानं मान वर केली नाही.

“मासोळी धरनारा बुडत नाई, बाई. धुनं धुवाले गेली ते बुडते.”

“का बरं?”

“आमाले बापानं पान्यात फेकून पोहनं शिकवलं. पोरीले कोन फेकते?”

एवढं बोलून तो पुन्हा गाठी मारू लागला. आत भांडी घासणाऱ्या बाईचे हात थांबले होते. मागाहून निर्मलानं सांगितलं की त्याची धाकटी बहीण घरामागच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, गेली होती. तो तेव्हा पैलतीरावर जाळं टाकत होता. पोहत येईपर्यंत उशीर झाला.

त्याच संध्याकाळी मी पाळीवरून, तलावाच्या मातीच्या बांधावरून, सूर्यास्त बघायला निघाले आणि शहरी चपलेनं मला दगा दिला. दोन पावलं घसरत गेले आणि घोट्यातून कळ आली. हाड मोडलं नव्हतं, एवढं मला कळत होतं. पाण्यात उभ्या असलेल्या बायका आधी खळखळून हसल्या, मग धावत आल्या. हळद आणि चुना लावून जुन्या लुगड्याच्या पट्टीनं त्यांनी पाय असा बांधला की मी असंख्य पट्ट्या बांधूनही मला त्यात खोट काढता आली नाही.

पाय दुसऱ्या दिवशी टम्म सुजला. घरं फिरणं शक्यच नव्हतं. डॉक्टर फोनवर म्हणाले, परत या. निर्मला म्हणाली, “कायले परत? हायवेवर मायी मावसबहीण राहते, सुलोचना. तुमी तिच्या घरी बसा, मी तठली घरं फिरून घेतो.” अशा रीतीनं, केवळ घसरल्यामुळे, या प्रवासातलं जे मला सगळ्यात जास्त आठवतं तिथे मी पोचले.

सडक अर्जुनीजवळचं एक गाव

गावाचं नाव लिहीत नाही. नागपूरहून रायपूरकडे जाणारा महामार्ग सडक अर्जुनीवरून जातो. दोन्ही बाजूंना ढाबे, टायरची दुकानं, ओडिशा-छत्तीसगडचे ट्रक. गाव या रस्त्याच्या एका अंगाला आहे आणि त्याची शेतं, तलाव, दहनभूमी दुसऱ्या अंगाला. रस्ता पूर्वीही होता, पण अरुंद. तो चार पदरी झाला आणि मधे दुभाजक आला. शेतं आहेत तिथेच राहिली.

सुलोचनाचं घर कोहळी जातीचं. या भागातले जुने तलाव कोहळ्यांच्या पूर्वजांनी बांधले, हे तिच्या सासूनं मला पहिल्या चहाबरोबर सांगितलं. सासूचं नाव यशोदाबाई. वाकलेली, पण रोज शेतावर जाणारी. सुलोचनाचा नवरा दिवाकर कमी बोलणारा. निर्मलानं त्यालाच प्रथम विचारलं : घरात कोणाला पडून, कापून, भाजून, गाडीनं, कशानंही लागलं का?

“अवंदा काही नाई,” तो म्हणाला.

तेवढ्यात सुलोचना स्वयंपाकघरातून आली. तिचा डावा पाय आखूड होता. मांडीचं हाड मोडून, सळई घालून, आखूड होऊन जुळलं की चाल जशी होते, तशी तिची चाल होती. दिवाकर खोटं बोलला नव्हता. ते मागच्या वर्षाच्याही मागचं होतं, आमच्या प्रश्नात बसत नव्हतं.

दुपारी दोघी अंगणात शिंगाडे सोलत बसलो, तेव्हा मी विचारलं. तिनं सगळं एका सुरात सांगितलं. धान निघाल्यावरचे दिवस. संध्याकाळी बाया तणसाचे भारे घेऊन घरी येतात. तणीस म्हणजे भाताचा पेंढा, जनावरांना. भारा डोक्यावर घेतला की तो दोन्ही बाजूंनी खाली लोंबतो आणि डोळ्यांच्या कडा झाकतो. मान वळवायची तर आख्खा भारा वळवावा लागतो. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. सगळ्या एका रांगेत रस्ता ओलांडतात. ती शेवटची होती.

“पुढच्या बाईच्या टाचा पाहून चालत होतो मी,” ती म्हणाली. “टाचा गेल्या, मीबी गेलो. पिकअप कठून आली, मले ठाऊकच नाई.”

“आवाज आला नाही?”

“कानावरबी तणीसच राहते ना, ताई.”

मी तिच्या पायाकडे बघितलं. अशा मांड्या मी कितीतरी धरून ठेवल्या होत्या, एक्स-रे काढेपर्यंत. त्या माणसाच्या डोक्यावर त्या वेळी काय होतं, हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं. कागदावर आम्ही लिहायचो : रस्ता अपघात, स्त्री, पादचारी.

उन्हं कलली तशी ती उठली. दिवाकरचा लाल गमछा खांद्यावर टाकला, भिंतीला टेकलेली प्लास्टिकची खुर्ची उचलली. “येता का? बसल्या बसल्या करमनूक होईल.”

मी काठी टेकत तिच्यामागं गेले. दोघी लंगडत निघालो. गल्लीतल्या एका पोरीला हसू आवरलं नाही, आणि आम्हालाही.

गावासमोर दुभाजकाला एक फट होती. कोणी पाडली ते कोणी सांगत नव्हतं. त्या फटीतून बाया ये-जा करत. सुलोचना फटीपाशी खुर्ची मांडून बसली. पलीकडे कडेला भारे घेतलेल्या बाया जमू लागल्या. ती उठली, एका बाजूची वाहनं बघितली, गमछा उभा धरला आणि ओरडली, “या वो!” बाया आल्या, दुभाजकापाशी थांबल्या. मग तिनं वळून दुसरी बाजू बघितली, पुन्हा गमछा, पुन्हा हाक. ट्रक वेग कमी करत होते. एका छत्तीसगडच्या ड्रायव्हरनं खिडकीतून हात हलवला आणि ‘राम राम दीदी’ म्हणून गेला.

“घरी बसून काय करू?” ती म्हणाली. “चिखलात उभं राहता येत नाई, भारा उचलता येत नाई. सकारी जेवढ्या गेल्या, तेवढ्या सांजेले परत आल्या का मी उठतो.”

“दिवाकरला चालतं?”

“त्याले लाज वाटते. बायको रोडवर गमछा हलवते म्हनून ढाब्यावर लोक हासतात त्याले.” ती रस्त्याकडे बघतच बोलत होती. “तो इकून जातच नाई या वेळी. तिकून फिरून जाते.”

दोन संध्याकाळी मी तिच्या शेजारी बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी क्रेन आली.

फट

सिमेंटचे मोठे ठोकळे घेऊन माणसं आली होती. त्यांच्याबरोबर एक तरुण इंजिनीयर. तो उर्मट नव्हता. सुलोचना आणि काही बाया जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा त्यानं हेल्मेट काढलं.

“ताई, हे मधे तोडलेलं आहे ना, ते नियमात नाही. इथे माणसं मरतात, म्हणूनच बंद करून राहिलो.”

“मंग आमी जावं कठून?”

“पुढे अंडरपास आहे.”

“भारा घेऊन तठवर जाऊन परत येवाचं? अंधार पडल का नाई?”

त्यानं मान खाली घातली. “मला वरून जे सांगितलं ते मी करतो, ताई.”

त्याचं चुकत होतं असं मला म्हणता येत नाही. अपघात विभागात उभं राहून कोणी मला विचारलं असतं, तर मीही सांगितलं असतं, फट बुजवा. दुपारपर्यंत ठोकळे बसले आणि क्रेन निघून गेली.

संध्याकाळी सुलोचना नेहमीसारखी गेली. मीही गेले. पलीकडे बाया भारे घेऊन उभ्या राहिल्या.  मग एकीनं ठोकळ्यावर भारा ठेवला आणि स्वतः चढली. बाकीच्यांनी तेच केलं. चढायचं, भारा ओढायचा, इकडच्या बाजूला टाकायचा, उतरायचं. पूर्वी जेवढ्या वेळात त्या रस्ता ओलांडत, तेवढा वेळ आता नुसता चढण्यात जात होता आणि तोही पाठ वाहनांकडे करून. सुलोचना गमछा दोन्ही हातांनी हलवत ओरडत होती. तिचा आवाज फाटत होता.

यशोदाबाई वर चढली तेव्हा मी बघत होते. तिनं भारा उचलला, तो ओझ्यानं पुढे झुकला, आणि ती त्याच्याबरोबर इकडच्या बाजूला, रस्त्यावर, कोसळली. दोर सुटला. तणीस पसरलं. समोरून ट्रक येत होता. ब्रेकचा तो आवाज मी आयुष्यात फार वेळा ऐकलेला नाही. मी नेहमी त्यानंतरचं बघितलेलं आहे. ट्रक करकचून थांबला. पिवळं तणीस त्याच्या पुढच्या चाकांखाली गेलं होतं. म्हातारी चाकांच्या अलीकडे होती.

पायाचं दुखणं विसरून मी पोचले. नाडी बघितली, मान, कंबर, पाय चाचपले. हातापायाला खरचटलं होतं, दुसरं काही नाही. ड्रायव्हर खाली उतरला आणि तिच्यापुढे उकिडवा बसला.  “कहूँ लागिस तो नइ, दाई?” तो पुन्हा पुन्हा विचारत होता. कुठे लागलं नाही ना, आई.

यशोदाबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “नाई लागलं रे बाबा. तू चाय पी.”

मग ती तणीस गोळा करू लागली. सुलोचनाही करू लागली, ड्रायव्हरही. मागे गाड्यांची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते. तेवढ्यात दिवाकर धावत आला. ढाब्यावर कोणीतरी त्याला सांगितलं होतं. तो आईकडे बघत होता, मग बायकोकडे बघितलं. ती रस्त्याच्या मधोमध तणसाचा ढीग कवटाळून उभी होती आणि गमछा तिच्या मनगटाला गुंडाळलेला होता. त्यानं पुढे होऊन तिच्या हातातलं तणीस घेतलं.

पुलिया

घरी आल्यावर यशोदाबाईच्या खरचटलेल्या कोपराला मी औषध लावत होते. दिवाकर दारात उभा होता. अचानक म्हणाला, “पुलियाखालून काऊन जात नाई आपन?”

गावापासून थोडं पुढे, तलावाचा सांडवा महामार्गाखालून जातो तिथे एक मोरी आहे. इकडे तिला पुलिया म्हणतात. सगळ्यांना ती माहीत होती. गाळ, बेशरमाची झुडपं, दारूच्या बाटल्या, साप. तिथून कुत्रंही जात नसे.

“वाकून जावं लागल,” यशोदाबाई म्हणाली.

“गाळ काढला तं नाई वाकावं लागत.”

सकाळी तो फावडं घेऊन एकटाच निघाला. मला वाटलं, दुपारपर्यंत परत येईल. थोड्या वेळानं गल्लीतून दुसरा गेला, मग दोघं-तिघं, मग बाया घमेली घेऊन. निर्मला तिची घरं सोडून तिथे पोचली होती. मीही काठी टेकत गेले आणि काठावर बसून बघत राहिले. घमेली हातोहात वर येत होती. बेशरमाच्या मुळ्या ओढताना दोन माणसं पाठीवर पडली. साप निघाला, पण तो बिचारा सगळ्यांपेक्षा जास्त घाबरला होता.

गाळ उपसून झाल्यावर त्यांनी जे केलं ते मला आवडलं. पाणी पूर्ण अडवायचा खटाटोप केलाच नाही. मोरीच्या एका भिंतीलगत पाण्याला अरुंद चर खणून दिला आणि दुसऱ्या भिंतीलगत माती, दगड चोपून एक उंच पट्टी केली, चालायला. कुठून पाणी वळवायचं आणि पाळ कुठे घालायची यावर कोणी फारसं बोलतही नव्हतं. निर्मला माझ्याजवळ येऊन हात धूत म्हणाली, “तलाव बांधनाऱ्याईचे नातू हायेत हे. पानी आलं का हात आपोआप चालते.”

काम दोन-तीन दिवस चाललं. शेवटच्या संध्याकाळी बाया भारे घेऊन पहिल्यांदा खालून आल्या. सुलोचना खाली उतरली नाही. उतार निसरडा होता, तिच्या पायाला तो झेपला नसता. ती वर, रस्त्याच्या कडेला, खुर्चीवर बसली होती. मी तिच्या शेजारी. ट्रक आमच्यासमोरून नेहमीच्या वेगानं जात होते, आता त्यांना थांबवायचं कारण नव्हतं. मधेच ट्रकांची ओळ तुटली आणि पायाखालून, जमिनीतून यावा तसा बायांच्या बोलण्याचा, बांगड्यांचा आवाज आला. खालून कोणीतरी ओरडलं :

“सुलोचना वोऽ! ऐकू येते का?”

“येते वोऽ! सगळ्याजनी हायेत ना?”

“हाव!”

सुलोचनानं गमछ्याची घडी घातली. मग म्हणाली, “मायं काम गेलं, ताई.” हसून म्हणाली, पण खुर्ची उचलायला लगेच उठली नाही.  मीही नुकतीच घरी बसले होते. आम्ही दोघी अंधार पडू लागेपर्यंत तिथेच बसलो.

खाली, मोरीच्या गावाकडच्या तोंडाशी, दिवाकर उभा होता, बाया पुलियातून बाहेर पडताना हात देत. तो आज फिरून गेला नव्हता.

परत

माझा पाय बरा झाला. मी आणखी काही गावं केली. एका गावात मंडई होती, दिवाळीनंतरची जत्रा. झाडीपट्टीचं नाटक बघितलं, त्यातल्या राजाच्या अंगठ्याला पट्टी होती आणि निर्मलानं मध्यंतरात जाऊन त्याला कशानं लागलं ते विचारलं. स्टेजची फळी. गोंदियाच्या स्टेशनवर तिनं मला शिंगाड्यांची पिशवी दिली आणि मी तिला माझी चांगली चप्पल दिली, कारण तिची त्या मोरीच्या गाळात गेली होती.

डॉक्टरांची माणसं आमच्या उत्तरांची जुळवाजुळव अजून करत आहेत. त्यातून जे यायचं ते येईल. माझ्यापुरतं मला एवढं कळलं की धोका कोणाला, याचं उत्तर माणसाच्या वयात आणि लिंगात असतं हे खरं, पण त्याआधी ते त्याचं घर रस्त्याच्या कोणत्या अंगाला आहे आणि काम कोणत्या अंगाला आहे, यात असतं.

आषाढात निर्मलाचा फोन आला. रोवणीचे दिवस होते, भाताची रोपं लावायचे. तिकडे पाऊस धो धो पडत होता. मला भीती होती तेच झालं होतं. तलाव भरला, सांडवा सुटला आणि पुलिया छतापर्यंत पाण्यानं भरली. आणि बायांना शेतावर जायची सगळ्यात जास्त गरज याच दिवसांत. इंजिनीयर एकदा येऊन पाहून गेला, फोटो काढून नेले. वर कळवतो म्हणाला. त्याचं उत्तर आलेलं नाही.

“मग बाया?”

“जातात ना वरून. ठोकळ्यावरून.”

“आणि सुलोचना?”

“ते बसली परत खुर्ची घेऊन. प्लास्टिक पांघरून बसते.”  मागे पावसाचा आवाज येत होता. “पन एकटी नाई आता. इकडच्या रोडवर ते, अन् तिकडच्या रोडवर दिवाकर. तो हात वर करून उभा राहते, भर पावसात. म्हाताऱ्या बायाईले ठोकळ्यावरून उचलून घेते.”

“ढाब्यावर हसत असतील.”

“हासतात ना,” निर्मला म्हणाली. “तोबी हासते. पन हटत नाई.”